गादीवर बसला, पण राजा झाला का? 'मॅकबेथ'मधल्या सत्तेचं कोडं

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. तो ज्या जुन्या लाकडी खुर्चीवर बसला तिच्या बुडाशी दीडशे किलोंचा एक ओबडधोबड दगड ठेवला होता. खास तेवढ्यासाठी तो एडिंबराहून आणला आणि काम झाल्यावर परत पाठवला. स्कॉटलंडचे राजे पूर्वी स्कोन नावाच्या ठिकाणी या दगडावर बसून राजे होत. १२९६ मध्ये इंग्लंडचा पहिला एडवर्ड तो उचलून लंडनला घेऊन गेला. स्कॉटलंडला परत मिळायला १९९६ उजाडलं.

विसाव्या-एकविसाव्या शतकात एका दगडासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण अमुक माणूस राजा आहे हे कशावरून ठरतं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच प्रश्नावर शेक्सपिअरने साधारण १६०६ साली एक अख्खी शोकांतिका लिहिली. त्या नाटकाचा नायकही अभिषेकासाठी स्कोनलाच जातो.

'मॅकबेथ' आपल्याकडे अनोळखी नाही. शिरवाडकरांनी ते 'राजमुकुट' या नावाने मराठीत आणलं, इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलांच्या नशिबी ते केव्हा ना केव्हा येतंच. आणि परीक्षेतलं ठरलेलं उत्तरही सगळ्यांना पाठ असतं: ही अति महत्त्वाकांक्षेची गोष्ट आहे. चूक नाही, पण उत्तर अर्धंच आहे. माझ्या मते या नाटकातली महत्त्वाकांक्षा दुसऱ्या अंकातच संपते. उरलेले तीन अंक भीतीचे आहेत, आणि जुलूम जन्मतो तो त्या भीतीतून. ती भीती कुठून आली हे समजायला आधी गादीच्या हक्काची भानगड समजून घ्यावी लागते.

आधी गोष्ट, थोडक्यात

मॅकबेथ हा स्कॉटलंडच्या डंकन राजाचा चुलतभाऊ आणि सगळ्यात पराक्रमी सरदार. लढाई जिंकून परतताना त्याला आणि त्याचा सोबती बँको याला तीन चेटकिणी भेटतात. मॅकबेथ, तू राजा होशील. बँको, तू होणार नाहीस, पण तुझे वंशज होतील, असं त्या सांगतात. डंकन मॅकबेथच्या घरी मुक्कामाला येतो. बायकोच्या आग्रहाने मॅकबेथ त्याचा झोपेत खून करतो. राजाचे दोन्ही मुलगे जिवाच्या भीतीने परदेशी पळतात, त्यामुळे संशय त्यांच्यावरच जातो आणि गादी मॅकबेथकडे येते. पुढे तो बँकोला मारवतो, मॅकडफ या सरदाराची बायकापोरं कापून काढतो. शेवटी डंकनचा थोरला मुलगा माल्कम इंग्लंडची फौज घेऊन येतो आणि मॅकडफ मॅकबेथचं डोकं उडवतो.

बापाने मुलाला वारस नेमलं, यात मॅकबेथला धक्का कसला?

पहिल्या अंकात डंकन भर दरबारात जाहीर करतो की आपल्यानंतर माल्कम. त्याला एक किताबही देतो. बाजूला उभा असलेला मॅकबेथ मनात म्हणतो, ही पायरी आता आडवी आली. एक तर हिच्यावर अडखळून पडायचं, नाहीतर ओलांडून जायचं.

इथे वाचक गोंधळतो. राजाचा मुलगा राजा होणार यात नवल ते काय? जाहीर करायची तरी गरज काय?

गरज होती, कारण अकराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये गादी बापाकडून थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. राजघराण्याच्या वेगवेगळ्या शाखांमधून वयाने, कर्तृत्वाने पुढे असलेला पुरुष निवडला जाई, आणि हा पुढचा माणूस बऱ्याचदा आधीचा राजा हयात असतानाच ठरे. इतिहासकार या पद्धतीला टॅनिस्ट्री म्हणतात. म्हणजे भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ, सगळेच दावेदार. अशा व्यवस्थेत डंकन स्वतःच्या मुलाचं नाव पुढे करतो तेव्हा तो चालत आलेला नियम पाळत नसतो, नवा पायंडा पाडत असतो.

शेक्सपिअरने ही कथा ज्या बखरीतून घेतली ती लिहिणाऱ्या इंग्रज बखरकार हॉलिन्शेडने तर मॅकबेथची तक्रार स्पष्टच नोंदवली आहे. जुन्या कायद्याप्रमाणे वारस अल्पवयीन असेल तर जवळच्या नातलगाने राज्य सांभाळायचं असे. माल्कम लहान होता, तेव्हा हक्क मॅकबेथचा होता. शेक्सपिअरने हे वाचलं आणि गाळून टाकलं. त्याच्या नाटकात मॅकबेथ एकदाही म्हणत नाही की गादी माझी होती, माझ्यावर अन्याय झाला. उलट खून करण्याआधी तो स्वतःशी हिशेब मांडतो: मी याचा नातलग, याचा सरदार, शिवाय आज हा माझा पाहुणा; मारेकऱ्यासमोर दार बंद करायचं काम माझं, आणि सुरा माझ्याच हातात? बरं, राजा सौम्य, कारभार स्वच्छ. मग आपल्याकडे कारण उरलं तरी कोणतं? फक्त उसळणारी महत्त्वाकांक्षा, जी घोड्यावर बसायला उडी मारते आणि पलीकडे जाऊन पडते.

सबबी शोधणारे खुनी नाटकांत पुष्कळ असतात. आपल्याकडे सबब नाही हे खुनाआधीच इतक्या स्वच्छपणे मांडणारा मॅकबेथ विरळा.

फेरफार झाला, मालकीचं काय?

डंकन गेल्यावर मॅकबेथला राजा म्हणून नेमलं जातं आणि तो अभिषेकाला स्कोनला जातो. विधी यथासांग होतो. मग हरकत काय?

ज्याने शेतजमिनीचा वाद पाहिला आहे त्याला हे चटकन कळेल. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे जमीन आपली झाली असं नाही. फेरफार ही महसुलासाठीची नोंद. मालकीचा निवाडा दिवाणी कोर्टातच होतो. खोटं मृत्युपत्र दाखवून नाव लावलं तर कागद चोख दिसतो, पण ज्याने लावलं त्याला दारावर थाप पडली की धस्स होतं. मॅकबेथची नेमकी हीच अवस्था आहे.

मध्ययुगीन युरोपातल्या कायदेपंडितांनी याची फोड करून ठेवली होती. चौदाव्या शतकातला इटालियन पंडित बार्तोलस जुलमी सत्ताधीशांचे दोन प्रकार सांगतो. एक, ज्याला गादीचा हक्कच नाही. दुसरा, ज्याचा हक्क खरा, पण कारभार जुलमाचा. पहिल्याचा दोष गादी मिळवण्यात, दुसऱ्याचा ती वापरण्यात. मॅकबेथ दोन्हींत बसतो, आणि नाटकाची खरी गंमत पहिल्यातून दुसरा कसा तयार होतो हे पाहण्यात आहे.

महत्त्वाकांक्षा संपते, भीती सुरू होते

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मॅकबेथच्या डोक्यावर मुकुट आहे. हवं होतं ते सगळं मिळालं. आणि तो म्हणतो काय? नुसतं राजा असण्याला अर्थ नाही, निर्धास्त राजा असायला हवं.

इथून पुढे त्याला नवं काहीच मिळवायचं नसतं. बँकोला मारून त्याला प्रांत मिळत नाही की खजिना. मिळणार असते ती फक्त शांत झोप, आणि तीही मिळत नाही, कारण बँकोचा मुलगा अंधारात निसटतो. मॅकबेथला मूलबाळ नाही. म्हणजे बँकोच्या पोरांसाठी आपण हात रक्ताने माखून घेतले, हे त्याला खात राहतं.

हक्काने बसलेल्या राजाला विरोधक म्हणजे फक्त विरोधक. बिनहक्काने बसलेल्याला मात्र प्रत्येक माणूस संभाव्य साक्षीदार किंवा संभाव्य दावेदार दिसतो. मग एक घर उरत नाही. मॅकबेथ बायकोला सहज बोलावं तसं सांगतो की असा एकही सरदार नाही ज्याच्या घरात मी पगारी नोकर ठेवलेला नाही. हेरगिरीच्या राज्याचं वर्णन त्याने एका वाक्यात उरकलंय, आणि तेही मेजवानी मोडल्यानंतर, थकलेल्या आवाजात.

त्या मेजवानीकडेही नीट पाहावं. सुरुवातीला मॅकबेथ पाहुण्यांना सांगतो, आपापला मान तुम्हाला ठाऊक आहे, त्याप्रमाणे बसा. राज्य म्हणजे हेच तर असतं: कोण कुठे बसणार हे सगळ्यांना ठाऊक असणं. मग बँकोचं भूत येऊन थेट राजाच्या जागेवर बसतं. ते दिसतं फक्त मॅकबेथला. तो किंचाळू लागतो, आणि शेवटी लेडी मॅकबेथ सरदारांना सांगते, मानपान पाहत बसू नका, निघा एकदम. एका प्रवेशात दरबाराची घडी बसते आणि विस्कटते. दुसऱ्याच्या जागेवर बसलेल्या माणसाला स्वतःच्या घरच्या पंगतीत जागा उरत नाही, हे दाखवायला शेक्सपिअरला भाषण लागलं नाही, एक खुर्ची पुरली.

मॅकडफच्या घरावरचा हल्ला हा पुढचा टप्पा. मॅकडफ इंग्लंडला गेलेला आहे हे मॅकबेथला कळलंय. तरीही मारेकरी जातात, कारण आता मॅकबेथने ठरवलंय की मनात आलं की लगेच हात चालवायचा, विचार नंतर. डंकनच्या खुनाआधी पानभर विचार करणारा हा माणूस. आता बायकापोरांना मारताना त्याला चार ओळीही लागत नाहीत.

'पण चेटकिणींनी आणि बायकोने भरीला घातलं ना?'

हा आक्षेप हमखास येतो. चेटकिणी फक्त एवढंच म्हणतात की तू राजा होशील. खून कर, असं त्या कुठेही म्हणत नाहीत. ते मॅकबेथच्या डोक्यात आपसूक येतं आणि त्यालाच घाम फुटतो. बँकोनेही भविष्य ऐकलं, मोह त्यालाही पडला, पण त्याने सुरा उचलला नाही. लेडी मॅकबेथ नवऱ्याला टोचते, डिवचते हे खरं. पण तिसऱ्या अंकापासून मॅकबेथ तिला काही विचारतच नाही. बँकोचा बेत तो तिच्यापासून लपवतो. शेवटचे खून पूर्णपणे त्याचे स्वतःचे आहेत, आणि ती झोपेत चालत हात चोळत राहते.

'डंकन तरी कुठे मोठा शहाणा होता?'

नव्हता. एका विश्वासघातकी सरदाराबद्दल तो म्हणतो, माणसाच्या चेहऱ्यावरून मन वाचायची विद्या कुणाकडेच नाही, माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता. हे बोलत असतानाच मॅकबेथ आत येतो आणि डंकन त्याचं तितक्याच भरवशाने स्वागत करतो. फितूर सरदाराचा किताबही मॅकबेथलाच मिळालेला असतो. राजा भाबडा आहे, लढाया दुसऱ्यांच्या जोरावर जिंकतो.

मग दुबळ्या पण हक्काच्या राजापेक्षा खमका बिनहक्काचा बरा नाही का? नाटक या प्रश्नाला टाळत नाही. डंकन चांगला माणूस असला तरी त्याच्या राज्यात सुरुवातीलाच बंड आणि परकी आक्रमण, दोन्ही चालू आहेत. फरक इतकाच की त्याच्याभोवतीची माणसं मनापासून लढतात. पाचव्या अंकात अँगस नावाचा सरदार मॅकबेथबद्दल म्हणतो, त्याचे लोक हुकमाने हलतात, प्रेमाने नाही; राजाची पदवी त्याच्या अंगावर अशी लोंबतेय, जसा राक्षसाचा झगा बुटक्या चोराने चढवावा. मॅकबेथलाही ते कळतं. मान, माया, मित्र यांच्या जागी आपल्या वाट्याला दबक्या आवाजातले शाप आणि तोंडदेखला मुजरा आला, असं तो स्वतःच कबूल करतो.

कंटाळवाणा समजला जाणारा प्रवेश

चौथ्या अंकाचा शेवटचा प्रवेश इंग्लंडमध्ये घडतो. लांबलचक आहे, बोलणंच बोलणं, त्यामुळे प्रयोगात त्याला बऱ्याचदा कात्री लागते. मला तो नाटकाचा कणा वाटतो.

मॅकडफ माल्कमला भेटायला आलाय: चल, बापाची गादी घे. माल्कमला शंका येते की हा मॅकबेथचाच हस्तक तर नसेल. तशी माणसं आधी येऊन गेली आहेत. शिवाय बायकापोरांना वाऱ्यावर सोडून हा इकडे आला कसा? म्हणून माल्कम त्याची परीक्षा घेतो. तो म्हणतो, मी राजा झालो तर लोक म्हणतील मॅकबेथ बरा होता. मी इतका स्त्रीलंपट आहे की तुमच्या घरातल्या लेकीसुना पुरणार नाहीत.

मॅकडफ म्हणतो, वाईट आहे, पण चालवून घेऊ. हे गुपचूप करता येतं, तयार असलेल्या बायकाही पुष्कळ असतात.

मी हावरटही आहे, माल्कम पुढे म्हणतो. जमिनींसाठी सरदारांना मारीन. मॅकडफ जरा थबकतो. हे जास्त खोल रुजतं, याच्यापायी आपले राजे गेलेत, असं म्हणतो, पण पुन्हा: स्कॉटलंडमध्ये तुझं पोट भरेल एवढं आहे. बाकीचे गुण असले की झालं.

गुण? माल्कम यादी वाचतो. न्याय, सत्य, संयम, स्थिरता, औदार्य, चिकाटी, दया, नम्रता, भक्ती, धीर, हिंमत, सोशिकपणा. बारा. यातला एकही माझ्यात नाही. आता सांग, मी राज्य करायला लायक आहे का?

तेव्हा मॅकडफ फुटतो. राज्य करायला? तू जगायलाही लायक नाहीस. आणि तो निघून जायला वळतो. मग माल्कम सांगतो की हे सगळं खोटं होतं.

बघा, काय घडलं. हक्काचा वारस समोर उभा आहे, जन्माचा प्रश्न मिटलेला आहे. तरीही मॅकडफ एका ठिकाणी थांबतो. म्हणजे नुसता जन्म पुरत नाही. पण तो किती उशिरा थांबतो हेही बघायला हवं! स्त्रीलंपटपणा चालतो, हावरटपणाही चालतो. माल्कमने स्वतःबद्दल सांगितलेलं खोटं होतं हे कळल्यावर मॅकडफ गप्पच होतो. एवढ्या चांगल्या आणि वाईट गोष्टी एकदम पचत नाहीत, असं म्हणतो. आपण किती तडजोडीला तयार झालो होतो हे त्याला स्वतःलाही आत्ताच कळलं असावं, असं मला प्रत्येक वाचनात वाटतं.

याच प्रवेशात इंग्लंडच्या राजाबद्दल सांगितलं जातं की तो नुसत्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या करतो, रोग्याच्या गळ्यात सोन्याचं नाणं बांधतो. आणि पाचव्या अंकात मॅकबेथ आपल्या वैद्याला म्हणतो, या देशाची लघवी तपासून रोग काय तो सांगता येईल का? एक राजा देशाचा वैद्य, दुसरा देशाचा रोग. रोगाला मात्र ते ठाऊक नाही.

'ही तर जेम्स राजाची खुशामत!'

आक्षेपात तथ्य आहे. १६०३ मध्ये पहिली एलिझाबेथ निपुत्रिक मेली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. शेक्सपिअरची नाटकमंडळी त्याच्या आश्रयाला गेली. जेम्सचं घराणं स्वतःला बँकोचे वंशज म्हणवत असे. म्हणून बखरीत खुनात सामील असलेला बँको नाटकात सज्जन झाला. खरं तर बँको इतिहासात बहुधा झालाच नाही. तो पहिल्यांदा सोळाव्या शतकातल्या बखरीत उगवतो. ५ नोव्हेंबर १६०५ ला संसदेखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं सापडली होती, राजासकट सगळे उडवायचा कट होता. राजहत्येवरचं नाटक त्या हवेत लिहिलं गेलं.

पण खुशामतीत एक अडचण होती. जेम्सचं स्वतःचं मत असं की राजा कितीही जुलमी असो, प्रजेने शस्त्र उचलायचं नाही; त्याचा न्याय देव करील. १५९८ मध्ये त्याने तसं लिहून छापलं होतं. त्याचा लहानपणचा गुरू जॉर्ज बुकॅनन याने मात्र १५७९ मध्येच उलट लिहिलं होतं: राजा प्रजेशी केलेल्या कराराने बांधलेला असतो, तो जुलमी झाला तर त्याला हटवता येतं. स्कॉटिश संसदेने १५८४ मध्ये ते पुस्तक निषिद्ध ठरवलं. आणि गंमत अशी की जेम्सच्या आईला, मेरी राणीला, सरदारांनी १५६७ मध्ये गादीवरून उतरवलं होतं, म्हणूनच तान्हा जेम्स राजा झाला होता.

आता मॅकबेथला मारणं कशात बसवायचं? तो हक्काचा राजा नव्हता, तेव्हा ते बंडच नाही, असं म्हटलं की जेम्स खूश. तो जुलमी झाला म्हणून मारला, असं म्हटलं की बुकॅनन जिंकला. मॅकडफ एकाच दमात दोन्ही म्हणतो: हक्क नसलेला, रक्ताळलेल्या राजदंडाचा जुलमी. शेक्सपिअरने दोन्ही दारं उघडी ठेवली. हुशारी म्हणा किंवा सावधपणा.

'खरा मॅकबेथ असा नव्हताच'

नव्हता. तो १०४० ते १०५७ असा सतरा वर्षं राजा होता. डंकन म्हातारा नव्हता, आणि मेला तो झोपेत नव्हे, लढाईत. १०५० मध्ये मॅकबेथ रोमच्या यात्रेला जाऊन आला. राज्य सोडून इतक्या लांब जाणारा राजा घरी फार असुरक्षित नसावा. हॉलिन्शेडसुद्धा त्याला दहा वर्षांचा न्यायी कारभार देतो. शेक्सपिअरने ती वर्षंच काढून टाकली, कारण चांगला कारभार करणारा बिनहक्काचा राजा दाखवला असता तर नाटक फार अवघड प्रश्नात शिरलं असतं: सतरा वर्षं नीट राज्य केलं की हक्क तयार होतो का? तो प्रश्न मला तरी नाटकातल्या प्रश्नापेक्षा जास्त रंजक वाटतो, पण त्याच्यासाठी वेगळं नाटक लागेल.

मग माल्कम कशाने राजा झाला?

शेवटी मॅकडफ मॅकबेथचं मुंडकं घेऊन येतो आणि माल्कमला म्हणतो, राजा, तू राजा आहेसच. स्कोन अजून व्हायचं आहे. माल्कम सगळ्यांना तिथलं आमंत्रण देतो आणि सरदारांना इंग्रजी पद्धतीचे अर्ल करून टाकतो. त्याच्या बाजूने बरंच काही आहे. तो राजाचा मुलगा आहे. बापाने भर दरबारात त्याचं नाव घेतलं होतं. मॅकडफसमोर त्याने गुणांची परीक्षा दिलीय, निदान घेतलीय. आणि मागे इंग्लंडची दहा हजारांची फौज उभी आहे, तिचा सेनापती त्याचाच मामा. यातली कोणती गोष्ट निर्णायक, हे नाटकात कुणी बोलत नाही. बँकोचा मुलगाही अजून कुठेतरी जिवंत आहे, आणि त्याच्या वंशाकडे गादी जाणार हे चेटकिणींचं भाकीत कुणी खोडून काढलेलं नाही. प्रत्यक्षात तर मॅकबेथनंतर स्कोनला बसला तो माल्कम नव्हेच, मॅकबेथचा सावत्र मुलगा लुलाख. काही महिन्यांत, १०५८ मध्ये, माल्कमने त्याला मारलं.